करकोच्यांचा तोशा

अनवरीचं नाव निघालं की आमच्या गावात, वाघुळीत, आता सगळ्यांनाच कंठ फुटतो. जिनं पाखरं मारली ती, असं म्हणतात. म्हणणाऱ्यातल्या निम्म्या लोकांनी जन्मात कधी तळ्याकडं मान वळवून बघितलेलं न्हाई. मला राग येतो, अन् राग आला की माझ्या जिभेला हाड राहत न्हाई, हे सगळ्या गावाला माहीत हाय. पण या एका बाबतीत माझी जीभ जिथं चालायला पाहिजे होती तिथं चालली न्हाई. तेच सांगून राह्यले. मी नंदाबाई. अनवरीच्या घराला लागून माझं घर, मधी कमरेएवढी भिंत.

अनवरी म्हणजे उंच, हडकुळी बाई. चालणं असं झपझप की तिच्याबरोबर बाजाराला जायचं म्हणजे आपला जीव वर यायचा. एक खोड होती तिला. घरातून कोणी बाहेर निघालं की त्याच्या हातात खायचं काहीतरी दिल्याशिवाय तिला चैन पडायची न्हाई. मीटर बघायला आलेल्या लाईनमनलाबी तिनं रोटी बांधून दिलेली मी या डोळ्यांनी बघितली. आपण शिदोरी म्हणतो, ती तोशा म्हणायची. “नंदा, वाटेला लागलेला माणूस भुका असू नये,” असं तिचं. मी तिला चिडवायचे, “तुझ्या दारावरून मुंगी गेली तरी तिला तू डबा देशील.”

आम्ही दोघी वीस वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला. सकाळी सातला अनवरीच्या नवऱ्याचा, बदरोद्दीनभाईचा टेम्पो निघायचा, त्यात आम्ही नऊ-दहा बाया उभ्याउभ्या जायचो. दिवसभर बी निवडायचं, चाळायचं, थैल्या शिवायच्या. संध्याकाळी अंगाला बियाण्याच्या औषधाचा वास घेऊन घरी यायचं. आंघोळ केली तरी तो वास केसांतून जायचा न्हाई.

तिला एकच पोरगी, इरम. लग्न होऊन मालेगावला दिली. पाठवणीच्या दिवशी गाडीवाल्यानं जल्दी जल्दी म्हणून एवढी घाई केली की अनवरीनं पहाटे उठून केलेला मलिद्याचा डबा फळीवरच राहून गेला. गाडी गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. डबा घेऊन ती हायवेपर्यंत पळत गेल्ती. दीड वर्षानं इरम बाळंतपणात गेली, पोर पण गेलं. निरोप आला तेव्हा हे दोघं तसेच निघाले, पण पोचेपर्यंत माती झालेली होती. तोंडसुद्धा बघायला मिळालं न्हाई. पोरगी आपल्या घरून उपाशी गेली, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. मी किती सांगितलं, बदरोद्दीनभाईनं सांगितलं, काही उपयोग झाला न्हाई.

आमच्या तळ्यावर दरसाल दिवाळीच्या आगंमागं करकोचे येतात. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागून पांढरी शेंडी. दीडदोनशे असतात. थंडीभर राहतात, सकाळी हरभऱ्याच्या रानात चरतात, दुपारी पाण्याला येतात अन् ऊन चटकायला लागलं, पळस फुलला, की जातात. वनखात्यानं काठावर पाटी लावली हाय, पाखरांना त्रास देऊ नये म्हणून. काकासाहेब नावाचे वनरक्षक येतात, पन्नाशीचा माणूस, गळ्यात दुर्बीण, हातात वही. त्यांनी एकदा अनवरीला सांगितलं की ही पाखरं बर्फाच्या डोंगरावरून पलीकडच्या मुलखात जातात. अनवरी त्यांच्या तोंडाकडं बघत राह्यली. मंग म्हणाली, “एवढं लांब? अन् तोशा?”

काकासाहेब हसले. पण ती हसली न्हाई. त्या सालापासून करकोचे जायच्या दिवसांत ती काठावर ज्वारी टाकायला लागली. पाखराच्या पोटात गेलेला दाणा मेलेल्या माणसाला पोचतो, त्याचा सवाब, म्हणजे आपलं पुण्य, इरमला मिळतो, असं तिचं म्हणणं. सात वर्षं तिनं एकदाबी चुकवलं न्हाई. दाणे टाकून आली की दोनचार दिवस तिचा चेहरा हलका दिसायचा. वर्षातले तेवढेच दिवस ती पोटभर जेवायची, हे मी भिंतीवरून बघायचे.

यंदा ज्वारी काढणीला आली अन् अवकाळीनं झोडपली. कणसं काळी पडली, दाण्याला बुरशी लागली. त्यात यंदा शब्बेबरात, म्हणजे त्यांच्यात मेलेल्या माणसांची याद करायचा सण, बराबर करकोचे जायच्या टायमाला आला. अनवरीचा जीव खालीवर व्हायला लागला. काळी ज्वारी टाकायची न्हाई म्हणाली, पाव्हण्याला सडकं कसं वाढू?

त्याच आठवड्यात कारखान्यात बाजरीच्या बियाण्याचा एक जुना माल मुदत संपली म्हणून मागच्या आवारात काढून ठेवला होता. खड्डा करून गाडायचा होता. औषध लावलेलं बी, गुलाबी रंगाचं. रंग मुद्दाम टाकतात, कोणी खाऊ नये म्हणून. थैलीवर लिहिलेलंबी असतं, अन् साहेबांनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं होतं. आता ऐका. बाजरी न्यायची गोष्ट अनवरीनं काढली न्हाई. मी काढली. मी म्हणलं, “अगं, मातीत गाडायची ती पाखरांच्या पोटात गेली तर काय वाईट?”

ती म्हणाली, “दवा लागलेली हाय ना तिला.”

मी म्हणलं, “वांग्यावर काल फवारा मारतात, आज आपण धुऊन खातो. मेलो का आपण?”

तिला पटलं. त्यांच्यात कापडाला घाण लागली तर तीन पाण्यानं धुतात, मंग ते पाक, म्हणजे शुद्ध होतं. आपणबी तांदूळ तीन पाण्यानंच धुतो. दोघींनाबी तीन पाणी म्हणजे काम पक्कं. दोन पिशव्या बाजरी आम्ही पदराआड बाहेर काढली, एक तिनं, एक मी. फाटकावरच्या वॉचमननं बघितलं न्हाई.

तिच्या अंगणात मोठ्या घमेल्यात आम्ही बाजरी धुतली. पहिलं पाणी कुंकवासारखं लाल निघालं. दुसरं फिकं गुलाबी. तिसरं पाणी मी ओतलं, हातानं चोळचोळ चोळलं, अन् ते जवळजवळ नितळ निघालं. अनवरी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. बाजरी बाजेवर पसरून वाळवली, तेव्हा ती घरच्या बाजरीसारखी दिसायला लागली. मूठभर तिनं फडक्यात बांधून बाजूला ठेवली, म्हणाली एखादं पाखरू मागं राहून गेलं तर त्याला लागेल.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो निघायच्या आधी आम्ही दोघी तळ्यावर गेल्तो. तिनं चिखलाच्या कडेनं दाणा टाकला, लांबच्या लांब, एखाद्या पंगतीला वाढावं तसा. मंग आम्ही कामावर गेलो. दिवसभर ती आनंदात होती. दुपारच्या सुट्टीत तिनं मला इरमची लहानपणची एक गोष्ट सांगितली, ती मी आधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा दीर कचरू बोंबलत गावात आला. कचरूचं तळ्याच्या काठावर खोपट हाय, मासे धरतो. करकोचे मरून पडले म्हणाला. सारं गाव पळालं, टेम्पो तसाच उभा राह्यला.

मीबी गेले. चिखलात, पाण्याच्या कडेला, पडलेले. काही मेलेले होते. काही उठायचे, दोन पावलं टाकायचे, मान लुळी पडायची अन् पुन्हा कोसळायचे. एकजण पाण्यात तोंड खुपसून तसाच राह्यला. काकासाहेबांनी मोजले, तेवीस. अन् वर बाकीचे फिरत होते. उन्हं तापली की करकोचे गोल गोल फिरत वर चढतात अन् मंग उत्तरेला लागतात. पण ते चढत नव्हते. खालच्यांना हाका मारत घिरट्या घालत होते. खालून एखादा आवाज द्यायचा, की वरचे पुन्हा खाली यायचे. असं दोन दिवस चाललं. मला ते बघवलं न्हाई.

जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी एका पाखराचं पोट फाडलं. बाजरी निघाली. काकासाहेबांनी ती तळहातावर घेतली, उन्हात धरली, म्हणाले, “बियाण्याची हाय. टोकाला गुलाबी रंग राह्यलाय. कोणी तरी धुऊन टाकलीय, पाखरांनी खावी म्हणून. धुतल्यानं रंग जातो. औषध ओलीनं आत मुरतं, ते जात न्हाई.”

मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. मला सगळं कळलं, तिथल्या तिथं. मी खाली बसले.

अनवरी तेव्हा लांब होती, पाण्याच्या पलीकडच्या अंगाला. तिनं यातलं काही ऐकलं न्हाई. एका तडफडणाऱ्या करकोच्याचं मुंडकं मांडीवर घेऊन त्याच्या चोचीत ओंजळीनं पाणी सोडत होती. ते मेलं तेव्हा ती उठली, अन् साऱ्या गावासमोर तिनं हात वर केले. म्हणाली, “ज्यानं हे केलं त्याच्या हाताला किडे पडोत. त्याला मरताना पाणी मिळू नये.” तिचा आवाज चिरकला होता. मंग माझ्याकडं आली, माझा खांदा धरला अन् हळू आवाजात म्हणाली, “आपला दाणा खाऊन तरी गेले, नंदा. उपाशी तर न्हाई मेले.”

मी काय बोलले? काही न्हाई. मी, जिच्या तोंडाला सारी गल्ली घाबरते.

दुपारी वनखात्याची जीप आली अन् कचरूला घेऊन गेली. त्यालाबी कारण होतं. कचरू काही देवमाणूस न्हाई. चार वर्षांखाली दाण्याला औषध लावून बदकं धरताना तो सापडला होता, तेव्हा दंड भरून सुटला. आता तेच तळं, तेच औषध, अन् खोपट काठावर. दुसऱ्या कोणाचं नाव कोण घेणार? लोक म्हणाले, या पाखरांची केस लई कडक, सात सात वर्षं आत घालतात. त्याची बायको बेबीनंदा दोन पोरांना घेऊन माझ्या दारात येऊन बसली. उंबऱ्यावरून उठायलाच तयार नव्हती. माझा नवरा रामराव वकील बघायला जालन्याला गेला. एरवी दोघा भावांचं पटत न्हाई, पण जाताना मला म्हणाला, “कचरू चोर हाय, पण मेलेलं पाखरू घरी नेल्याशिवाय सोडणारा न्हाई तो. त्यानं केलं असतं तर तेवीस पाखरं चिखलात राह्यली असती का?” बराबर होतं त्याचं. पण हे ऐकून कोण घेणार?

मी सांगितलं तर कचरू सुटणार होता. अन् मी सांगितलं तर अनवरी अडकणार होती, मी अडकणार होते, दोघींचं काम जाणार होतं. पण खरं सांगू? मला कामाची अन् जेलची भीती नव्हती तेवढी तिच्या तोंडाकडं बघायची होती. सात वर्षं जे एक तिच्याजवळ होतं ते मी जाऊन तिच्या हातातून काढून घ्यायचं, ते कसं? रात्र कशी काढली माझं मला माहीत.

सकाळी बेबीनंदाची धाकटी पोरगी माझ्या पदराला धरून म्हणाली, “मोठ्याई, बाप कवा येणार?” मी उठले अन् भिंतीला वळसा घालून अनवरीकडं गेले.

ती अंगणात भांडी घासत बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले अन् एका दमात सांगून टाकलं. बाजरी आपलीच हाय म्हणून. काकासाहेब काय बोलले ते.

ती म्हणाली, “तीन पाण्यानं धुतली होती.”

“हो.”

“तू होती ना? पाणी साफ निघालं होतं.”

“रंग गेला अनवरी. औषध आत गेलं.”

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. राखेनं भरलेले स्वतःचे हात उलटे करून बघितले, पुन्हा सुलटे केले.  मी म्हणलं, “त्या शिव्याशापाचं मनावर घेऊ नको, तुला माहीत नव्हतं.” तिनं ऐकलं का न्हाई कोण जाणे. मंग एकदम विचारलं, “कचरूला सोडलं का?”

मी न्हाई म्हणून मान हलवली. ती उठली, हात धुतले, बुरखा घातला, फडक्यात बांधलेली ती मूठभर बाजरी घेतली. बदरोद्दीनभाई मधी पडले. दाढी पांढरी झालेला गरीब माणूस, कधी आवाज न चढवणारा. म्हणाले, “कोणाला मालूम न्हाई. गप बस. कचरू आज न्हाई उद्या सुटंल, त्याच्यावर साबीत व्हायचं न्हाई.”

अनवरी म्हणाली, “त्याची पोरं तिकडं उंबऱ्यावर बसलीत. तुम्ही टेम्पो काढता का मी पायी जाऊ?”

त्यांनी टेम्पो काढला. मीबी बसले. 

वनखात्याच्या ऑफिसात काकासाहेब होते. अनवरीला बघून त्यांना वाटलं ती पाखरांचं विचारायला आली. दरसाल पहिला करकोचा दिसला की तीच त्यांना फोन करायची. तिनं टेबलावर फडकं सोडलं अन् सांगितलं. कारखान्यातून चोरून आणली, धुतली, टाकली, कचरूचा काही संबंध न्हाई. काकासाहेबांनी बाजरी बघितली अन् चष्मा काढला.  म्हणाले, “बाई, हे मी एकदा लिहिलं की खोडता येत न्हाई.”

“लिहा.”

त्यांनी लिहायला घेतलं. मी भिंतीकडंच्या बाकड्यावर बसले होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “सोबत कोण होतं?”

ती म्हणाली, “कोणी न्हाई. एकटी.”

काकासाहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. मला वाटलं आता उठावं, आता उठावं. पंखा फिरत होता, पेन चालत होतं. कागद संपला, तिनं सही केली, अन् मी बाकड्यावरच होते.

कचरूला संध्याकाळी सोडलं. तो घरी आला, जेवला, झोपला. अनवरीला त्यानं आजवर चांगलं न्हाई का वाईट न्हाई, एक शब्द म्हणलेला न्हाई. गावात मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. कोणी म्हणालं, पोरीपायी डोकं फिरलं. कोणी त्याहून वाईट बोललं, तिच्या जातीवर गेलं, अन् त्या माणसाची मी चारचौघांत अशी खरडपट्टी काढली की तो आता माझ्या गल्लीनं येत न्हाई. पण त्याला मी काय सांगितलं न्हाई ते मला माहीत हाय.

कारखान्यानं तिला काढलं. मला कोणी काही विचारलं न्हाई. मी आजबी त्याच टेम्पोनं कामाला जाते, बदरोद्दीनभाईच चालवतात, अन् मला बघून सलाम करतात, पहिल्यासारखाच.

जामीन झाला, केस चालू हाय. तारखेला मी तिच्यासोबत जालन्याच्या कोर्टात जाते. एवढंच माझ्यानं होतं. ती बारीक झाली, चालणं मंदावलं. आता मला तिच्यासाठी थांबावं लागतं.

मागच्या तारखेला जज साहेब आले न्हाईत, तारीख पुढं गेली. आम्ही कोर्टाच्या पायरीवर बसलो होतो. तिनं एकदम विचारलं, “नंदा, पाखरांना दिलेलं पोचतं ना? मंग यंदा इरमला काय पोचलं असंल?”

 मी म्हणलं, “असं नको बोलू. तुझी नियत चांगली होती, ती पोचली असंल.”

ती म्हणाली, “नियत खातं का कोणी? पोटात जे जातं तेच जातं.”

मंग ती उठली, बुरखा झटकला, अन् टेम्पो आणायला बदरोद्दीनभाईला फोन लाव म्हणाली.